कामाच्या वाटणीचा तक्ता

८ जानेवारी २०२६, गुरुवार

ही डायरी एका प्रकाशकाच्या माणसानं कॉलेजात वाटली. पहिली सात पानं कोरीच गेली. रोज लिहीन असं वाटत नाही.

एकोणीस वर्षं संगणक शिकवतोय आणि यंदा पहिल्यांदा असा विषय वाट्याला आला ज्याचं पुस्तक माझ्याकडं नाही: 'संगणक व्यवसायातील नीतिमूल्ये'. विभागप्रमुख श्रीराम सरांनी दिला. "शिवकांत, याला तुझ्यासारखाच माणूस पाहिजे," म्हणाले. बरं वाटलं. नंतर कळलं की माझे आठवड्याचे दोन तास कमी भरत होते, आणि माझ्याआधी दोघांनी नको म्हटलं होतं.

आज वर्गात विचारलं, एखाद्या प्रोग्रॅममुळं कुणाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? मागून एकजण म्हणाला, ज्यानं विकत घेतला तो. सगळे हसले, मीही हसलो. मग फळ्यावर लिहिलं: जो लिहितो तो, जो तपासतो तो आणि जो सही करतो तो. मुलांनी उतरवून घेतलं.

दुपारी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांचे तक्ते काढले. प्रत्येक गटाला 'कामाच्या वाटणीचा तक्ता' द्यावा लागतो: कोडिंग कुणी केलं, फाईल कुणी लिहिली. फाईल विद्यापीठाला अजून हातानं लिहिलेलीच लागते. माझा छापील नमुना नऊ वर्षांचा आहे. नाव पहिलं आणि दुसरं, पुढं 'कोडिंग'. नाव तिसरं, पुढं 'डॉक्युमेंटेशन'. मी सह्या करून गठ्ठा ठेवून देतो, मुलं नावं भरतात आणि आपापल्या सह्या करतात. बेचाळीस जणांच्या मागं फिरावं लागत नाही.

चौदा गट, चौदा मुली, अठ्ठावीस मुलं. प्रत्येक गटात एक मुलगी ही पद्धत माझीच. पूर्वी मुली सगळ्या एका गटात, मागच्या रांगेत बसायच्या आणि त्यांच्याकडं कुणी बघायचं नाही. पाचला मुलींनी लॅब सोडायची हा नियमही माझाच. एकदा एका मुलीची शेवटची गाडी चुकली. तिचे वडील प्राचार्यांच्या खोलीत जे बोलले ते मी उभ्यानं ऐकलं. तेव्हापासून पाच म्हणजे पाच. मुलं सातपर्यंत बसतात.

१३ जानेवारी, मंगळवार

चोवीस फेब्रुवारीला मूल्यांकन समिती येणार. प्रत्येक विभागानं आपला एक 'उत्तम उपक्रम' दाखवायचा आहे. श्रीराम सरांनी माझी गटांची पद्धत निवडली. "समानतेचा उपक्रम आयता आहे आपल्याकडं. दोन पानं लिही, एक फोटो लाव, पुस्तकात छापू."

लिहिलं. संध्याकाळी घरी बायकोनं, महेश्वरीनं, टाइप करून दिलं. माझे दोन परिच्छेद तिनं एकात घातले, म्हणाली, एकच गोष्ट दोनदा आली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फोटोसाठी अनुपमा मॅडमनी तिसऱ्या वर्षातल्या संघप्रियाला बसवलं. मॅडम आमच्याकडं तासिका तत्त्वावर चार वर्षं आहेत, डेटाबेस शिकवतात. संघप्रिया झरीहून रोज एस.टी.नं येते. मुलगी शांत, अक्षर उत्तम. बोटं कीबोर्डवर ठेव म्हटल्यावर तिनं विचारलं, कॉम्प्युटर चालू करू का? फोटोवाला म्हणाला, बंदच राहू द्या, स्क्रीन चमकते.

२ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याच्या एका कंपनीनं नोकरभरतीसाठी गेल्या पंधरवड्यात आमचे तक्ते मागवले होते. आज त्यावरून दोन याद्या आल्या. पहिली प्रोग्रॅमरच्या मुलाखतीची, अकरा नावं, वीस तारखेला. दुसरी ग्राहक सेवेची, म्हणजे फोन उचलायची. त्यांचं पुढं बघू असं लिहिलंय. दुसरीत चौदा नावं.

दोन्ही याद्या मी सूचनाफलकावर लावल्या. अनुपमा मॅडम माझ्या मागं उभ्या राहून वाचत होत्या. म्हणाल्या, "सर, चौदाच्या चौदा." मला आधी कळलंच नाही. मग मोजलं. चौदाही मुलीच.

योगायोग नाही हे मला कळतंय. पण कंपनीची काय चूक? त्यांनी तक्त्यात होतं ते घेतलं. तक्ता मुलांनी भरला. असं म्हणत फलकापासून टेबलापर्यंत आलो, आणि टेबलावर नमुन्यांचा उरलेला गठ्ठा होता, माझ्या सहीसकट.

४ फेब्रुवारी, बुधवार

संघप्रिया आली. हातात दोन जाड वह्या. दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, तक्त्यात माझं नाव तिसऱ्या ओळीत हाय."

मग काय झालं, मी विचारलं.

"तिसऱ्या ओळीपुढं डॉक्युमेंटेशन छापलेलं हाय. कोड मी लिहिलाय."

तिनं वह्या उघडल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीनं लिहिलेला प्रोग्रॅम. खोडलेलं, बाण काढलेले, समासात प्रश्न. तिची आई झरीत आशा कार्यकर्ती आहे. कुणाच्या लेकराला कुठली लस कधी, हे सगळं ती रजिस्टरात लिहिते, आणि पानं उलटता उलटता तारखा निघून जातात. ती तारीख आईच्या फोनवर आपोआप यावी, असा हा प्रकल्प. घरी कॉम्प्युटर नाही. पाचला लॅब सोडावी लागते, म्हणून ती गाडीत लिहायची. रस्ता जिथं खराब तिथली अक्षरं हललीयत. नागेश आणि बजरंग, तिच्या गटातली मुलं. नागेश त्या वहीवरून टाइप करायचा. फाईलही तिनंच लिहिली, अक्षर चांगलं म्हणून.

मग तक्त्यावर सही का केलीस, मी विचारलं. प्रश्न रास्त वाटला होता.

तिनं वही मिटली. "तुमची सही आधीच व्हती, सर. तुमी सही केलेल्या कागदावर मी काय खाडाखोड करू?"

कंपनी अठरा तारखेपर्यंत दुरुस्ती घेते हेही तिनं शोधून ठेवलं होतं. तेवढ्यात तक्ता बदलला तर ती वीसच्या मुलाखतीला बसू शकते. बघतो म्हटलं. पाच वाजत आले होते. ती गाडीला गेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नागेशला बोलावलं. देवगाव फाट्याचा. वडिलांचं टायरचं दुकान आहे, हा इथं खोली करून राहतो. पहिल्या यादीत याचं नाव आहे. खोटं बोलेल असं मनात धरून बसलो होतो. त्यानं सगळं सरळ सांगितलं.

"ती वहीत लिहून आणायची, सर, मी टाइप करायचो. आता वहीतलं जसंच्या तसं चालतंय थोडंच? पाचला ती गेली की सातपर्यंत मी एकटा बसायलो. एरर काढायचं कुणी? मीच की." मग म्हणाला, "कोडिंग कशाला म्हणायचं, वहीत लिहायला का मशीनवर बसायला? तुमीच सांगा. नीतिमूल्यं तर तुमीच शिकवायलाव."

टोमणा होता की खरंच विचारत होता, कळलं नाही.

बजरंगला विचारलं, तू काय केलंस? तो म्हणाला, "मी चहा आणायलो, सर." त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्याचं नाव दुसऱ्या ओळीत आहे, म्हणजे कोडिंगमध्ये.

७ फेब्रुवारी, शनिवार

घाई नको. एकीला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय व्हायला नको. नागेशचं कामही काम आहे. सकाळपासून कागदावर टक्के मांडतोय. संघप्रिया पासष्ट, नागेश तीस, बजरंग पाच. मग कल्पना कुणाची, हे धरलं तर सत्तर-सव्वीस-चार. चुका सापडल्या नसत्या तर प्रोग्रॅम चाललाच नसता, हे धरलं तर पुन्हा साठावर येतंय.

महेश्वरी समोर बसून माझ्या शोधनिबंधातले आकडे बघत होती. तिनं माझ्या कागदाकडं एकदा बघितलं.

"तिला विचारलंत का?"

तिची बाजू ऐकली आहे, म्हटलं.

"बाजू नाही हो. तिला काय पाहिजे ते."

एकीलाच विचारलं तर पक्षपात होईल, असं मी म्हणालो. तिनं पान उलटलं. थोड्या वेळानं म्हणाली, तिसऱ्या कोष्टकातली बेरीज चुकली होती, केलीय नीट. अशी कामं तिच्या हातून झटकन होतात. बी.एस्सी.ला गणितात कॉलेजात पहिली होती. लग्नानंतर शिकवायचं म्हणत होती, पण तेव्हा माझ्या पीएच.डी.ची धावपळ सुरू झाली आणि ते राहून गेलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मला वाटलं होतं मार्ग सापडला. दोघांनाही वर्गासमोर उभं करायचं आणि प्रोग्रॅम समजावून सांगायला लावायचा. ज्याला येईल त्याचं नाव. उघड, समान, कुणाला बोलायला जागा नाही. संघप्रियाला सांगितलं तेव्हा ती आनंदानं तयार होईल असं वाटलं होतं.

"नागेशची घेतली व्हती का, सर?"

काय?

"परीक्षा. त्याचं नाव कोडिंगपुढं लिहायच्या आधी."

नव्हती, पण आता दोघांची घेतोय, समानच आहे की, मी म्हणालो.

"तवा कुणाचीच न्हाई घेतली. नुसतं वर नाव आलं म्हणून तो पास झाला. आता मी बोलले तर परीक्षा. मला येतंय सर सगळं, सांगंन की मी. पण हे काय बराबर न्हाई."

मला राग आला. मी तिच्यासाठी एवढं करतोय आणि ही हुज्जत घालतेय, असं वाटलं. खरं लिहायचं तर, ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी समजूत घातली असती.

परीक्षा घेतली नाही. आठ दिवस उरलेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीराम सरांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला, दार लावून घेतलं, सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या आजारपणात माझे दोन महिन्यांचे तास त्यांनी घेतले होते.

म्हणाले, "पोरगी खरंच बोलत असणार. पण तू एक तक्ता बदललास की बाकीचे तेरा उभे राहतील. आणि यंदाचेच कशाला? नऊ वर्षांच्या सह्या आहेत तुझ्या. बारा दिवसांवर समिती आलीय, तिला आपण याच पद्धतीचं पुस्तक दाखवणार. तू कंपनीला लिहिणार की आमचे तक्ते खोटे आहेत." मग हळू आवाजात म्हणाले, "जूनमध्ये आपण नमुनाच बदलू. तू म्हणशील तसा. आत्ता गप्प राहा."

जूनमध्ये ती इथं नसेल, असं मी म्हणालो नाही. बाहेर आल्यावर सुचलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाकीच्या तेरा मुलींना विचारून बघा, असं अनुपमा मॅडमना सांगितलं होतं. माझ्याशी मुली बोलल्या नसत्या. मॅडमनी आज कागद दिला. चौघींनी अर्ध्याच्या आसपास कोड लिहिलाय. पाचजणींनी थोडाफार. तिघींनी कीबोर्डला हातही लावलेला नाही, त्यांना कुणी बसूच दिलं नाही. एका गटातल्या मुलांनी अख्खा प्रकल्प बाहेरून तयार आणलाय, ती मुलगी म्हणाली माझं नाव सांगू नका. म्हणजे एकच गोष्ट चौदा ठिकाणी घडली असं नाही. मला मात्र एकच गोष्ट सापडावी असं वाटत होतं.

कागद देताना मॅडम म्हणाल्या, "सर, समितीच्या कामाची वाटणी बघितली का? रांगोळी, औक्षण, पुष्पगुच्छ, तिन्हीपुढं माझं नाव आहे. डेटाबेसची लॅब दाखवायला मात्र सर लोक." हसत म्हणाल्या. श्रीराम सरांशी बोलतो, म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सकाळी पूजेला बसलो. तळहातावर इष्टलिंग आणि मनात टक्के. कपाळाला विभूती लावून उठलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

उपास होता, दिवस मोकळा होता, म्हणून कंपनीला पत्र लिहायला घेतलं. चारदा लिहिलं. पहिल्यात सगळा दोष माझ्याकडं घेतला होता. वाचलं तर त्यात माझंच कौतुक जास्त दिसलं. दुसऱ्यात दोष छापील नमुन्याला दिला होता. तिसरं इतकं लांब झालं की कुणी वाचलं नसतं. चौथं अर्ध्या पानाचं आहे. महेश्वरीनं वाचलं, म्हणाली, "तिला दाखवा. तिच्याबद्दल आहे ना?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

संघप्रियाला पत्र दाखवलं. तिनं उभ्यानंच वाचलं. मला वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल. तिनं माझ्याकडं पेन मागितलं.

मी लिहिलं होतं: 'या विद्यार्थिनीने कोडिंगच्या कामात मोलाची मदत केली आहे.'

तिनं पेनाचं टोक त्या ओळीवर धरलं, पण खोडलं नाही. "सर, हे मी खोडू का तुमी खोडताव?"

काय चुकलं, मला खरंच दिसलं नाही. पुन्हा वाचलं.

"मदत कुणाला केली मी?"

अख्खा दिवस, चार मसुदे, प्रत्येक शब्द तोलून लिहिला होता. हा शब्द तोलायचाच राहिला होता. कारण तो मला जड वाटलाच नव्हता.

'प्रोग्रॅम या विद्यार्थिनीने लिहिला आहे' असं केलं. टायपिंग नागेशचं, तेही लिहिलं. श्रीराम सरांना न विचारता पाठवलं, आणि पाठवल्यावर त्यांना सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. एकोणीस वर्षांच्या ओळखीत इतकं लहान उत्तर त्यांनी मला कधी दिलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचं उत्तर काल संध्याकाळी आलं. तीन ओळी. या गटाच्या माहितीत विसंगती आढळल्यामुळं गटातल्या कोणत्याही उमेदवाराचा यंदा विचार करता येणार नाही.

कोणत्याही. म्हणजे नागेशचंही गेलं, आणि तिचं आलंच नाही.

दुपारी नागेशचे वडील देवगाव फाट्याहून आले. हाताला टायरचं काळं तसंच होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सर, पोरगं माझं चोर हाय का?" नाही, म्हटलं. "मंग त्याला चोराचा कागद कामून आला?" मी उठलो. पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. जाताना दारात म्हणाले, "ती बी गरिबाचंच लेकरू हाय म्हनं. तिचं तरी भलं झालं असतं तर म्या बोललो नसतो."

बरोबर करायला उशीर केला म्हणून हे झालं का? चार तारखेलाच लिहिलं असतं तर कंपनीला विचारपूस करायला वेळ मिळाला असता. दोघांशी फोनवर बोलले असते. मी दोन आठवडे न्याय करत बसलो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

संघप्रियाला मीच बोलावलं. माफी मागायची तयारी करून बसलो होतो. तिनं मधेच थांबवलं.

"कंपनी गेली, जाऊ द्या. ते तुमच्या हातात नव्हतं. एप्रिलची तोंडी परीक्षा हाय ना? विद्यापीठाकडं जुनाच तक्ता गेलाय. त्यात कोडिंगला चाळीस मार्क हायत आन् फाईलला दहा. गुणपत्रिकेवर जे येईल ते जन्मभर राहतंय. ते तर तुमच्या हातात हाय."

नवा तक्ता चालेल, पण तिघांच्याही सह्या लागतील, म्हटलं. ती म्हणाली, माहीत आहे. आणि नागेश आता सही करणार नाही, हेही तिला माहीत होतं.

आणखी एक विचारलं तिनं. लॅब सकाळी उघडत नाही का? "आमची गाडी पावणेआठला येते, सर. साडेदहापर्यंत आम्ही पायऱ्यांवर बसलेलो असतो." मी रोज त्या मुलींना पायऱ्यांवर बघतो. डबा खातात, वेण्या घालतात. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता, हे मला पाठ आहे. सकाळी त्या किती वाजता येतात, हे नऊ वर्षांत कुणालाच विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल समिती येऊन गेली. उपक्रमाची दोन पानं काढून टाका, असं मी श्रीराम सरांना सांगितलं होतं. पुस्तक छापून झालं होतं. समितीतल्या एका बाईंनी संघप्रियाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही पद्धत कुणाची? सरांनी माझ्याकडं बघितलं. "माझी," म्हणालो. पुढचं वाक्य तयार होतं. त्या म्हणाल्या, फार छान, आणि पान उलटलं. मी ते वाक्य बोललो नाही.

अनुपमा मॅडम औक्षणाचं ताट घेऊन सकाळी नऊपासून उभ्या होत्या. सरांशी बोलायचं राहून गेलं.

२३ मार्च, सोमवार

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं फारसं झालंही नाही.

लॅब आता आठला उघडते. किल्ली मीच आणतो, महेश्वरी डबा लवकर करते. सात-आठ मुली येतात. संघप्रिया आपला प्रोग्रॅम पहिल्यापासून स्वतः टाइप करते आहे. हळू टाइप करते. चुकलं की वही बघत नाही, डोळे मिटते.

ज्यांना हवा त्यांनी नवा तक्ता भरावा, असं सगळ्या गटांना सांगितलं. चार गटांनी घेतला. बाकीच्यांनी जुनाच बरा म्हटलं, त्यात मुलीही होत्या. एकजण म्हणाली, "सर, कशाला वाकडं घ्यायचं?"

संघप्रियाच्या गटाच्या तक्त्यावर तिची आणि बजरंगची सही आहे. तिनं बजरंगला सांगितलं म्हणे, चहा बास झाला, या वेळी फाईल तू लिही. तो लिहायला बसलाय. नागेश तिच्याशी बोलत नाही, माझ्याशीही नाही. वर्गात येतो, खिडकीपाशी बसतो. मी दोनदा तक्ता पुढं केला. "ठेवा, सर," म्हणाला.

९ एप्रिल, गुरुवार

तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते, माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. नववा गट, संघप्रियाचा, दुपारी दोनला आला. तिघं आत आली ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहिली.

परीक्षकांनी तक्ता बघितला. तिसरी सही नाही, म्हणाले. मग जुनाच धरावा लागेल. मी संघप्रियाकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

त्यांनी नागेशला विचारलं, सही का नाही? तो हात मागं बांधून उभा होता. मग म्हणाला, "माझ्या नावापुढं टायपिंग लिहिलंय, सर."

लिहिलं होतं. मीच.

"चार महिने सातपर्यंत बसून एकेक एरर काढला मी. खोलीवर जाऊन जेवणाआधी परत तेच. माझं नाव वर व्हतं ते चुकीचं व्हतं, मान्य हाय. पण मी नुसता टायपिस्ट न्हाई."

माझ्या तोंडातून काही निघायच्या आत संघप्रिया बोलली. त्याच्याकडं न बघता, परीक्षकांच्या टेबलाकडं बघत. "काढलेत त्यानं. दोन तर मला बी सापडत नव्हते. लिही म्हणा त्याला, चुका शोधून दुरुस्ती."

नागेशनं पेन घेतलं. 'टायपिंग'च्या पुढं स्वतःच्या हातानं ते लिहिलं आणि खाली सही केली.

मग परीक्षकांनी तिला विचारायला सुरुवात केली. सोपे प्रश्न, मग अवघड. एका ठिकाणी म्हणाले, लेकराची जन्मतारीखच माहीत नसेल तर तुझा प्रोग्रॅम काय करणार? तिला तो प्रश्न नवा नव्हता. म्हणाली, "आईच्या रजिस्टरात अशी अकरा लेकरं हायत, सर. पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं, नागपंचमीला झालं, असं सांगतेत. म्हणून सणांची वेगळी यादी घातलीय. सण निवडला की तारीख येते. दोन-चार दिवस इकडं तिकडं झालं तर लशीला चालतंय, ते मी दवाखान्यात विचारून घेतलंय." परीक्षक लिहायचे थांबले. मोबाइल मागून घेतला, सण निवडून बघितला, परत दिला. चाळीसपैकी सदतीस दिले. नागेशला एकतीस.

शेवटी फाईल उघडली. पानं उलटत म्हणाले, "आणि अक्षर तर काय सुरेख आहे हो तुमचं."

"माझं न्हाई, सर," संघप्रिया म्हणाली. "बजरंगचं हाय."

बजरंग कानापर्यंत लाल झाला आणि खाली बघायला लागला. नागेशला हसू आवरलं नाही. दीड महिन्यात मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. परीक्षकही हसले, अरे वा म्हणाले, आणि मग आपल्या फॉर्मकडं बघून जरा थांबले. फाईलच्या रकान्यात त्यांनी तिचं नाव आधीच लिहून टाकलं होतं. ते खोडून बाजूला बजरंगचं लिहिताना मला म्हणाले, "सवयीनं झालं हो."

हो, म्हटलं.

तिघं बाहेर गेली. दहाव्या गटाला आत बोलावलं. जुनाच तक्ता ठेवलेला गट. दोन मुलं पुढं येऊन टेबलापाशी उभी राहिली. मुलगी त्यांच्या मागं होती, फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून.